मदत हवी आहे: ईएसपी-आयडीएफवर पर्जन्यमापकाची मोजणी चुकते

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहतो. आमच्या कुळागरात सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायला पावसाची उघडीप लागते, म्हणून पाऊस मोजण्यासाठी ईएसपी३२ या छोट्या संगणक-बोर्डाला कलत्या वाटीचा पर्जन्यमापक जोडला आहे. दर ०.२ मिलिमीटर पावसाला वाटी कलते आणि रीड स्विचचा (चुंबकाने जुळणाऱ्या स्विचचा) संपर्क क्षणभर जुळतो. गेल्या पावसाळ्यात आर्डुइनो या सोप्या प्रोग्रॅमिंग प्रणालीवर हा प्रोग्रॅम व्यवस्थित चालला. एकाच वेळी चालणारी कामे आणि वीजबचत मुळापासून समजून घ्यावी, म्हणून आता मी ईएसपी-आयडीएफकडे, म्हणजे बोर्डाच्या निर्मात्याच्या मूळ साधनसंचाकडे वळलो आहे.

उबुंटूवर माझे नाव डायलआउट गटात (पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्यांच्या गटात) नसल्यामुळे पोर्ट उघडत नव्हते, ते सुटले. बिल्ड आणि फ्लॅश (प्रोग्रॅम तयार करणे आणि बोर्डावर चढवणे) आता विनातक्रार होतात.

अडचण त्यापुढची आहे. ॲप मेन या मुख्य फंक्शनमधला अखंड लूप पिन २७ वाचतो आणि प्रत्येक फेरीनंतर ५ मिलिसेकंद थांबावा म्हणून मी टास्क डिले वापरला आहे. तरीही दर ५ सेकंदांनी मॉनिटरवर टास्क वॉचडॉगचा (एखादे काम अडून राहिले की सावध करणाऱ्या यंत्रणेचा) इशारा उमटतो आणि त्यात सीपीयू ० वरच्या आयडल टास्कचे (दुसरे काम नसताना चालणाऱ्या कामाचे) नाव असते. बोर्ड रीसेट होत नाही. खरी काळजी मोजणीची आहे: पडवीत बसून मी वाटी बोटाने २० वेळा कलवली, तेव्हा आकडा ४७ आला. तोच स्विच, तीच तार आर्डुइनोवर बरोबर २० दाखवते. वॉचडॉग बंद करण्याचा सल्ला वाचनात आला, पण इशारा दडपून मोजणी सुधारेल असे मला वाटत नाही. दोन्ही दोषांचे मूळ एकच असेल का?

प्रतिसाद:
मूळ एकच आहे, आणि वॉचडॉग बंद केला नाहीत हे योग्यच केलेत. आयडीएफमध्ये फ्रीआरटीओएसचा (कामांना पाळी देणाऱ्या प्रणालीचा) टिक, म्हणजे वेळ मोजण्याचा ठोका, मुळात १०० हर्ट्झचा, म्हणजे १० मिलिसेकंदांचा असतो. टास्क डिले पूर्ण टिकांतच थांबतो, आणि ५ ला १० ने भागून पूर्णांक घेतला की शून्य येते. म्हणून तुमचा लूप थांबतच नाही आणि आयडल टास्कची पाळी कधी येत नाही. आर्डुइनोच्या ईएसपी३२ आवृत्तीत टिक १००० हर्ट्झचा असल्याने हे तिथे जाणवले नाही. शिवाय संपर्क जुळताना रीड स्विचची पाती थरथरतात. आर्डुइनोवर ५ मिलिसेकंदांच्या अंतराने वाचताना ती थरथर निसटत होती, आता तीही मोजली जाते.

मेनूकॉन्फिगमध्ये (आयडीएफच्या सेटिंग्जमध्ये) टिक १००० करून पाहा, खात्री पटेल. कायमचा उपाय मात्र इंटरप्टचा, म्हणजे पिनची स्थिती बदलताच प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचनेचा: पिनला इंटरप्ट जोडा आणि मागच्या मोजणीनंतर १०० मिलिसेकंद उलटल्याशिवाय नवी मोजणी धरू नका. ताशी १२० मिलिमीटर पाऊस कोसळला तरी वाटी ६ सेकंदांनी एकदाच कलते, त्यामुळे एकही खरी नोंद हुकणार नाही.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. टिक १००० केला. इशारा थांबला आणि २० वेळा कलवल्यावर २० च आले. आता इंटरप्ट लिहायला घेतो.