धार कडक, पाठ मऊ: कमानपाट्याच्या सुरीला माती लावण्यात अर्थ आहे का?

भंगारभक्त
दिवाळीपासून घरामागच्या छपरात भट्टी लावली आहे. लोणारी कोळसा, भात्याच्या जागी हेअर ड्रायर. ट्रकच्या कमानपाट्यातून स्वयंपाकाच्या तीन सुऱ्या घडवल्या. तिन्हींच्या पाठीवर जपानी पद्धतीने माती थापली, धार उघडी ठेवली. मातीखालची पाठ सावकाश थंड होऊन मऊ राहील आणि उघडी धार झटकन थंड होऊन कडक होईल, हा हिशोब.

पहिली पाण्यात बुडवली. दोन-तीन सेकंदांत ‘टिण्’ असा बारीक आवाज. ज्याने तो ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. धारेपासून वर बोटभर, केसाएवढी भेग. उरलेल्या दोन तेलात बुडवल्या. भेग नाही, पण पॉलिश करून फेरिक क्लोराइडमध्ये ठेवल्या तरी कडक आणि मऊ भागांच्या सीमेवरची ती लाटेसारखी रेघ, हामोन, काही उमटली नाही. पाठीवर कानस फिरवली तर काचेवरून घसरावी तशी घसरते. म्हणजे मातीखालीही कडकच!

माझं मत: कमानपाट्याला माती म्हणजे निव्वळ देखावा. सबंध पातं कडक करा, टेंपर करा (म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा उतरवा), मोकळे व्हा.

काजळी
ज्वारीच्या पिठाच्या पुरणपोळ्या लाटायला घेतल्यात आणि फाटल्या म्हणून लाटण्याला शिव्या देताय. कमानपाट्यात मँगेनीज आणि बहुतेक वेळा क्रोमियमही असतं. असं पोलाद सावकाश थंड झालं तरी कडक होतं, मग माती काय करणार? जपानी तलवारीच्या तामाहागाने पोलादात कार्बनशिवाय फारसं काही नसतं. ते जेमतेम सेकंदभरात 550 अंशांच्या खाली गेलं तर कडक, नाहीतर मऊ. माती खेळते ती त्या एका सेकंदाशी. तलवारीचा बाकही त्यातूनच येतो: कडक होताना धार फुगते, पाठ तेवढी फुगत नाही, आणि पातं पाठीकडे वळतं.

भंगारातून एखादी जुनी, चांगल्या कंपनीची कानस आणा. कार्बन 1 टक्क्याच्या आसपास, बाकी भेसळ कमी. मग रेघ दिसली नाही तर बोला.

नेपाळवारी
कमानपाट्यालाही धार कडक, पाठ मऊ करता येते, आणि त्याला मातीची गरजच नाही. नेपाळात खुकरी बहुतेक ट्रकच्या पाट्यातूनच घडवतात. पूर्व नेपाळात एका कामीकडे, म्हणजे तिथल्या लोहाराकडे, तासभर बसून पाहिलं. पातं लालभडक करून त्याने सांडशीत धार वर करून धरलं आणि चक्क चहाच्या किटलीतून बारीक धारेने पाणी सोडलं. किटलीची चोच पात्याच्या धारेवर पुढे-मागे, पुढे-मागे. धार काळी पडली तरी पाठ लालच. मग थांबला. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरली, रंग बदलू लागला, मनासारखा रंग दिसताच पुन्हा दोन थेंब. टेंपरिंगही त्यातच उरकलं. ना ओव्हन, ना थर्मामीटर.

भंगारभक्त
काका, खुकरीची पाठ बोटभर जाड. माझी सुरी 3 मिलिमीटर. किटलीचं पाणी धारेवर पडेपर्यंत पाठीतलीही धग गेलेली असेल.

धातुकर्म
इथे सगळे एक गोष्ट गृहीत धरताहेत: मऊ पाठ म्हणजे चिवट पाठ. तसं नाही. पोलाद मऊ असो की कडक, ठरावीक जोर लावल्यावर ते वाकतं सारखंच. फरक पुढे पडतो. मऊ पाठ थोड्याच जोरात कायमची वाकते. नीट टेंपर केलेली पाठ बऱ्याच जास्त जोरानंतरही सरळ होते. तुमचा कमानपाटाच बघा की! तो सबंध कडक करून 400 ते 500 अंशांवर टेंपर केलेला असतो आणि आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं वाकतो, सरळ होतो.

त्यामुळे पातळ सुरी सबंध कडक करा. 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा, टेंपर करा. पाठ आणखी उतरवायची असेल तर परातीत पाणी घेऊन धार बुडवून ठेवा आणि पाठीवर निळा रंग येईपर्यंत गॅसची ज्योत फिरवा.

आणि भंगारभक्त, ती भेगाळलेली सुरी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून तोडा. आत काय दिसतं ते सांगा. माझा संशय मातीवर नाही.

बांधावरचा
तुमचं गणित बरोबर असेल साहेब, पण वाकलेलं सरळ करता येतं, तुटलेलं नाही. आमच्याकडे उसाच्या फडात कोयता वाकला तर बांधावरच्या दगडावर दोन ठोके मारून गडी पुन्हा कामाला लागतो. तुटला तर त्या दिवसाची मजुरी गेली. रस्त्याकडेला घिसाडी पाल टाकतात, बाई घण मारते, बाप्या सांडशी धरतो. पाणी देताना तो फक्त धारेकडची दोन बोटं बुडवतो. हामोन त्याच्या गावीही नसेल, पण धंदा तोच.

धातुकर्म
कोयत्याबाबत मान्य. मी कांदे चिरायच्या सुरीबद्दल बोलत होतो.

काजळी
कांदे चिरायला कुठली पाठ लागते? तिथे हामोन फक्त बघायलाच. पण बघायला सुंदर असणं हा गुन्हा नाही.

भंगारभक्त
तोडली. हातोडीच्या एका टोल्यात गेली. आतला पोत मैद्यासारखा राखाडी दिसायला हवा ना? इथे जाडा रवा. चकाकतोय.

धातुकर्म
वाटलंच. भट्टीत अती तापवलीत. रंगाच्या अंदाजाने काम केलंत, तेही दिवसाउजेडी, बरोबर? दाणे मोठे झाले की पातं ठिसूळ होतं, शिवाय पोलाद जास्त खोलपर्यंत कडक होतं. म्हणजे रेघ न उमटण्यातही त्याचा थोडा हात. छपरात अंधार करा, दोरीला चुंबक बांधा. 770 अंशांना ते चिकटायचं थांबतं, त्यानंतर किंचित उजळ रंग, साधारण 830, बस. आणि त्याआधी तीन वेळा तापवून हवेत गार होऊ द्या, दाणे बारीक होतील. पाण्यात तर हे पोलाद बुडवूच नका.

काजळी
म्हणजे माती निर्दोष सुटली.

भंगारभक्त
माती सुटली, पण जामिनावर. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलंय. रविवारी चौथी सुरी. तेल, अंधार, आणि माती नाही.