न दुखणारी गाठ : तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीच्या गुलाबी रिबिनी सगळीकडे दिसतात. पण स्तनात गाठ हाताला लागली की पुढे काय काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. स्वतःचं, घरच्यांचं, जे असेल ते मोकळेपणाने लिहा.

सोलापूरकर :
आंघोळ करताना काखेजवळ चिंचोक्याएवढी गाठ लागली. टणक, दाबली तरी दुखत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "दुखत नाही ना? मग दुधाची गाठ असेल." धाकटा तर सहावीत! जाऊबाईंनी हट्टाने सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी हाताने तपासलं, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. जागा बधिर करतात, स्टेपलरसारखा 'टक्' आवाज येतो, तेवढंच. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं शेजारणीने घाबरवलं होतं. तसं काही नसतं. कॅन्सरच निघाला, पण गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती, त्यामुळे स्तन वाचला. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर) असल्याने ते हार्मोन रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू आहे.

परदेशस्थ :
माझी मॅमोग्राफी स्वच्छ आली, गाठ मात्र हाताला लागत होती. कमी वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. सोनोग्राफीत दिसली. बायोप्सीत फायब्रोअडेनोमा निघाला, म्हणजे साधी गाठ. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते तपासल्यावरच कळतं.

लेक :
आमच्याकडे बाबांना स्तनाचा कॅन्सर झाला. छातीचं बोंड आत ओढलं गेलं होतं, पण लाजेने बोलले नाहीत. धुताना आईला बनियनवर रक्ताचा डाग दिसला. पुरुषांमध्ये क्वचित होतो, पण होतो.

आरोग्यसेविका :
"आमच्या गावात मशीन नाही" हे मला रोज ऐकू येतं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सेविका तपासायला आली तर तिला परत पाठवू नका, बायांनो.

नवीन सभासद :
सोलापूरकर ताई, आईच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसीका गाठीही (लिम्फ नोड) काढणार आहेत. हात सुजतो का?

सोलापूरकर :
काहींचा सुजतो गं, माझाही थोडा सुजला. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करते. आईला ऑपरेशनआधीच त्यांना भेटवून आण.