पायलटचा पगार सांगता, मग रोस्टरही सांगा

गोदाकाठ
एका क्लासवाल्याची पोस्ट तीन ग्रुप फिरून माझ्यापर्यंत आली. "डॉक्टर व्हायला दहा वर्षं, पायलट व्हायला दोन. वर्षाला ८० लाख, महिन्यातले पंधरा दिवस घरी. अमेरिकेत तर दोन कोटी!" खाली पालकांची रांग, 'फी किती?' आणि 'ॲड्रेस पाठवा'. दोन शब्द लिहून सोडून देणार होतो, पण ते 'पंधरा दिवस घरी' डोक्यात गेलं.

८० लाख खोटे नाहीत. ते कॅप्टनचे आहेत. दोन वर्षांत हातात येतं ते लायसन्स, नोकरी नव्हे. २०० तास उडवून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, मिळेपर्यंत पन्नास-साठ लाख गेलेले असतात. मग एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, त्याचे पुन्हा पंधरा-वीस लाख. कंपनीच्या कॅडेट प्रोग्रामने गेलात तर हिशोब कोटीच्या पुढे. एवढं करून को-पायलटच्या उजव्या सीटवर बसलेल्या पोराला सुरुवातीला महिना दीड-दोन लाख. कॅप्टनच्या डाव्या सीटवर जायला १५०० तास आणि एटीपीएल हे वरचं लायसन्स, त्यावर कंपनीच्या अटी, आणि जागा निघाली पाहिजे ते वेगळंच. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट. त्या वेळी लायसन्स खिशात घेऊन घरी बसलेल्या पोरांना पोस्टमध्ये जागा नाही.

पगार मोजायची पद्धतही न्यारी. उडण्याचे तास म्हणजे विमान जागचं हललं तिथपासून परत उभं राहीपर्यंत. दिल्लीच्या धुक्यात टर्मिनलवर ताटकळलात तर ड्युटी चालू, उडण्याचे तास शून्य. त्यासाठी किमान तासांचा पगार बांधलेला असतो. तो ७० तासांचा असायचा, एअर इंडियाने २०२३ ला ४० वर आणला. विस्तारा एअर इंडियात विलीन होण्याआधी तेच विस्ताराच्या पायलटांपुढे ठेवलं, तेव्हा २०२४ च्या एप्रिलमध्ये पायलट रजेवर बसले आणि उड्डाणं रद्द झाली ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता घरचं. भाचा को-पायलट आहे, राहतो गुरुग्रामला. दिवाळीत परभणीला आला तो हैदराबादपर्यंत विमानाने आणि पुढे रेल्वेने. भरदुपारी खिडकीवर गोधडी अडकवून झोपलेला. ताईने कुकर लावला नाही, शिटीने उठेल म्हणून. वरण पातेल्यात शिजवलं. झोपायच्या आधी फोनवर रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, उठल्या उठल्या रोस्टर. भाऊबीजेच्या पहाटे गेला पण. बहीण ओवाळायला आली तेव्हा पाट मांडलेला, माणूस नाही.

उदगीरकर
वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. महिना दोन लाख आणि वर गोधडी!

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८. सप्टेंबरच्या पावसातून जे काही वाचलं, ते मी आडतीवर चार हजाराच्या आसपास घालून आलो, त्यातही डागी म्हणून कापले. आमच्या पोरांनी कुठला रोस्टर बघावा? तुमच्या ताईंना म्हणावं, लावा कुकर.

रनवे०९
सोयाबीनचा इथे काय संबंध? दर धाग्यात सोयाबीन.

गोदाकाठ, तुम्ही जुनं चित्र रंगवताय. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. १ नोव्हेंबरपासून रात्र म्हणजे बारा ते सहा, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. वर्षाला जास्तीत जास्त १००० तास उड्डाण. एवढी बांधलेली विश्रांती दुसऱ्या कुठल्या नोकरीत आहे ते दाखवा.

अमेरिकेचा आकडाही क्लासवाल्याने हवेतून आणलेला नाही. तिथल्या सरकारी आकडेवारीत मे २०२४ चा मध्यम पगार २,२६,६०० डॉलर आहे, म्हणजे दोन कोटीच झाले.

गोदाकाठ
मध्यम म्हणजे निम्मे त्याच्या खाली. आणि त्यात साठीला टेकलेले कॅप्टनही आले. तिथे बहुतेकांना १५०० तास झाल्याशिवाय एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये घेतच नाहीत. २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर केलेला कायदा आहे तो. तोवर पोरगं कुठेतरी विद्यार्थ्यांना शिकवत तास जमवतं. नंतर सगळं सीनियॉरिटीवर. जो आधी लागला तो आधी सुट्टी निवडतो, नवा माणूस सणासुदीला रिझर्व्हवर फोनकडे बघत बसतो. दोन कोटींचं पोस्टर लावलंत तर हेही लावा.

आणि तुमचे ४८ तास? नियम जानेवारी २०२४ ला जाहीर झाले, लागू व्हायला दीड-दोन वर्षं गेली. पूर्ण लागू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण तेवढी माणसंच ठेवलेली नव्हती. मग काय केलं? ५ डिसेंबरला डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने, रजा म्हणजे साप्ताहिक विश्रांती धरू नये हे कलम मागे घेतलं, आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. कागदावरची विश्रांती हो तुमची.

नांदेडी
कामून भांडताय? आधी विमान तर येऊ द्या. नांदेडला २००८ ला शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्यासाठी धावपट्टी झकास केली. मग विमानसेवा सुरू, मग बंद, मग हैदराबाद सुरू, मग तेही बंद, मधेच विमानतळाचंच लायसन्स निलंबित. लातूरला विमानतळ, धाराशिवला विमानतळ. लातूरच्या धावपट्टीवरून प्रवासी विमानाने कुठं जायचं ते सांगा. हे सगळे २००९ ला खासगी कंपनीला भाड्याने दिलेले. पायलट घडवणार लातूरचे क्लास, आणि पोरगं घरी येणार ट्रॅव्हल्सने!

बारावीचा बाप
मुलगा बारावीला आहे, लातूरलाच. ती पोस्ट मीही पाहिली. आधी काय करावं, कोणी सांगेल का?

जालन्याची सून
नवरा कॅप्टन आहे, म्हणून लिहिते. पैसा आहे, खोटं कशाला बोलू. जालन्यातल्या घराचं कर्ज फिटलं, सासऱ्यांचं बायपास कोणापुढे हात न पसरता झालं. तीस टक्के टॅक्स आणि वर सरचार्ज कापूनही हातात बरंच उरतं. उदगीरकरांना राग येणं मला समजतं.

पण 'घरी' म्हणजे काय ते मला विचारा. स्टँडबाय असला की माणूस घरात असतो, पण बाजारात जाऊन भाजी आणू शकत नाही. फोन आला की युनिफॉर्म. मुलीच्या गॅदरिंगला तयार होऊन बसलेला माणूस तसाच विमानतळावर गेलेला आहे. दुपारी झोपून रात्री उडायचं, दुसऱ्या दिवशी पहाटेचं. साठवलेली झोप बँकेतून काढता येत नाही हो. आणि दरवर्षी मेडिकल. साखर, बीपी, कान, डोळे. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. चाळिशीत एक रिपोर्ट वाकडा आला की ८० लाख थांबले. डॉक्टरला शुगर झाली म्हणून कोणी दवाखाना बंद करायला लावत नाही.

नोकरी आवडली नाही तर सोडायचीही सोय नाही. कॅप्टनला बारा महिन्यांची नोटीस, को-पायलटला सहा. आखातातली बिनटॅक्सची ऑफर वर्षभर कोण उघडी ठेवतं?

तेरणाकाठ
वहिनी, राग मानू नका, पण हे सगळं माझ्या बापाला वाचून दाखवलं तर हसतील. एका ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होते, धाराशिव-पुणे. नाव घेत नाही, मालक अजून गावात आहे. रात्री दहाला गाडी भरायची, पहाटे पुण्यात रिकामी करायची, पार्किंगला लावून डिकीत चादर टाकून झोपायचं. उन्हाळ्यात डिकीत झोपून बघा एकदा. संध्याकाळी परत तीच गाडी. पैसे खेपेवर, खेप नाही तर पैसा नाही. लग्नसराईत बदली ड्रायव्हर मिळत नाही म्हणून सलग. घाट लागला की क्लीनरला सांगायचे, बोलत राहा, गप्प बसलास तर आपण दोघंही गेलो. रोस्टर आणि स्टँडबाय हे शब्द तरी आहेत तुमच्याकडे.

रनवे०९
ट्रॅव्हल्स आणि विमान यांची तुलनाच होऊ शकत नाही. एका कॅप्टनच्या मागे १८० जीव असतात. दोन वर्षांत लायसन्स, त्यावर दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा. बसचं लायसन्स कसं मिळतं हे आपल्याला माहीत आहे.

तेरणाकाठ
१८० जीव म्हणजे जीव, आणि चाळीस म्हणजे मेंढरं का? १ जुलै २०२३, समृद्धी, सिंदखेडराजाजवळ. पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स दुभाजकाला धडकून पेटली, २५ माणसं जळाली. रात्रीची वेळ. त्यानंतर ड्रायव्हरच्या झोपेवर किती दिवस बोललो आपण? आणि लायसन्सचं म्हणाल तर माझ्या बापाने इतक्या वर्षांत एकदाही गाडी पलटी केली नाही. तोंड सांभाळून लिहा.

रनवे०९
मी तुमच्या वडिलांबद्दल बोललो नाही. ज्याला त्याला लागतंय इथे. ड्रायव्हरांसाठीही कायदा होता, १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत गेला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. मालक पाळत नाही तर तक्रार करायची.

उदगीरकर
तक्रार करायची म्हणे! रात्री तक्रार केली की सकाळी गाडीवर दुसरा ड्रायव्हर. साहेब कधी स्लीपर कोचमध्ये खालच्या बर्थवर झोपलेत का?

नांदेडी
स्लीपरचं भाडं दिवाळीत विमानाएवढं करतात ते कोणी बोलत नाही. आमच्या भागातल्या पोरांना पुण्याहून घरी यायचं तर...

गोदाकाठ
नांदेडी, वेगळा धागा काढा.

नांदेडी
काढला होता. एक प्रतिसाद आला, तोही तुमचा: 'वेगळा धागा काढा'.

जुना औरंगपुरा
वाद वाढला म्हणून एक आठवण. २६ एप्रिल १९९३, औरंगाबादचं चिकलठाणा विमानतळ. मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७ धावपट्टी संपेपर्यंत उचललंच नाही. बाहेर बीड रोडवर कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता, त्याला चाक लागलं, पुढे विजेच्या तारा. ११८ पैकी ५५ गेले. त्या दिवशी आम्ही घाटी दवाखान्याच्या आवारात रक्त द्यायला उभे होतो. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. पायलटने नाक उचलायला उशीर केला, तेही चुकीच्या पद्धतीने. आणि विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक कोणी थांबवली नाही. पायलटचा पगार त्या थोड्या क्षणांचा असतो. तेवढ्या क्षणांना माणूस पुरता जागा हवा. मग पगार किती हा प्रश्न दुय्यम आणि झोप किती हा पहिला, असं मला वाटतं. रस्त्यावरचा ट्रकवालाही त्यात आलाच.

तेरणाकाठ
काका, एवढंच तर म्हणतोय मी.

रनवे०९
झोपेचं मान्य. पण झोपेच्या नावाखाली सगळं खपवू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नागपूरला बोर्डिंग गेटपाशी पायलट कोसळून गेला, वय चाळीस. लगेच 'थकव्याने मारलं' म्हणून ओरड. कंपनीने सांगितलं की त्याला आधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती.

जालन्याची सून
आदल्या दिवशी पहाटे तीन ते सात तो त्रिवेंद्रम-पुणे-नागपूर उडत होता, हेही त्याच बातमीत होतं. २७ तास कुठल्या घड्याळाने झोपायचे? त्यातले निम्मे दिवसाचे. मी म्हणत नाही थकव्यानेच गेला. पण तुम्ही तास मोजता, आम्ही माणूस बघतो. त्या रात्री ह्यांचं नागपूरचंच उड्डाण होतं. लँडिंगचा मेसेज येईपर्यंत मी देवघरातच बसले होते.

रनवे०९
ठीक आहे ताई. यावर मी काही बोलत नाही.

बारावीचा बाप
सगळे एकमेकांना उत्तरं देताय, माझ्या प्रश्नाकडे कोणी बघेना. शेवटी त्या क्लासलाच फोन लावू का?

गोदाकाठ
नका लावू, थांबा. पहिली गोष्ट, मुलाला बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे का? लातूरची निम्मी पोरं नीटसाठी मॅथ्स सोडून बसलेली असतात. मॅथ्स नसेल तर ओपन स्कूलमधून तो विषय काढावा लागतो. दुसरी गोष्ट, फीचा एक रुपया भरण्याआधी मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तिथेच विषय संपतो, आणि तो आजच कळलेला बरा. लोनला तारण मागतील. शेत लावणार असाल तर सातबारावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघून ठेवा, भावकीतल्या सह्या अडकल्या की ॲडमिशनची तारीख निघून जाते. शिकायला गोंदिया आहे, बारामती आहे, धुळे आहे. जाऊन बघा. विमानं किती उभी आहेत आणि किती उडतायत ते मोजा, कारण विमान नाही म्हणून २०० तासांना तीन-तीन वर्षं लागलेली पोरं आहेत आणि हॉस्टेलचा खर्च चालूच राहतो.

बारावीचा बाप
मॅथ्स आहे. चष्मा आहे, मायनस दोन.

जालन्याची सून
चष्मा चालतो, भाऊ. ह्यांना पण आहे.

उदगीरकर
म्हणजे शेवटी पोराला पायलटच करायचं ठरलं सगळ्यांचं. करा बापा. दोन लाखात उपाशी मरेल म्हणून धागा काढला होता ना?

गोदाकाठ
करू नका असं मी कुठं लिहिलंय? कर्ज घेणाऱ्याला ८० लाख पहिल्या वर्षाचे सांगू नका, एवढं लिहिलंय. पुन्हा वाचा.

तेरणाकाठ
उद्या रात्री मला पुण्याला जायचंय, ट्रॅव्हल्सनेच. चढताना ड्रायव्हरला विचारणार आहे, दुपारी झोपला होतास का. रनवे साहेब, तुमच्या १९६१ च्या कायद्यातलं कुठलं कलम दाखवू त्याला?

रनवे०९
तासांचं कलम १३ होतं. आणि विचारा खरंच. मी टोमणा मारत नाहीये.