थ्रीडी प्रिंटरवरची गोळी: फिलामेंट तुटतंय आणि गोळी लवकर फुटत नाही

फार्मावाली:
नमस्कार मंडळी, एम फार्मचा प्रोजेक्ट आहे, पॅरासिटामॉलची गोळी एफडीएम प्रिंटरवर (तार वितळवून थरावर थर रचणारा) काढतेय. कोलिडॉन व्हीए ६४ या पॉलिमरमध्ये औषध मिसळून एक्स्ट्रुडरमधून (वितळवून दाबून बाहेर काढणारं यंत्र) तार म्हणजे फिलामेंट काढली पण प्रिंटरच्या गिअरमध्ये गेली की कट्कन तुटते, मग तार मऊ करणारं पीईजी वाढवलं तर इतकी मऊ पडली की गिअर आणि नोझलच्या मधेच दुमडून बसतेय. जेवढ्या गोळ्या निघाल्या त्यांची वजनं वरखाली आहेत आणि पाण्यात पटकन फुटत पण नाहीत. गोळी फोडणारं क्रॉसकारमेलोज घातलंय तरी! सर म्हणतात प्रिंटरची सेटिंग बघ, मला वाटतं घोळ एक्सिपियंटमध्येच (औषध सोडून बाकीच्या घटकांत) आहे.

जुना फॉर्म्युलेशनवाला:
तुझं बरोबर वाटतंय मला. इथे पॉलिमर म्हणजे नुसतं भरताड नाही, तार तोच, गोळीचा सांगाडा तोच आणि औषध किती वेगाने सुटणार तेही तोच ठरवतो. व्हीए ६४ मुळातच ठिसूळ, त्यात थोडं एचपीसी हे दुसरं पॉलिमर घालून बघ, तार लवचिक होते. पीईजी मात्र कमी कर कारण पॅरासिटामॉल स्वतःच पॉलिमरला मऊ करतं, म्हणजे तुझ्याकडे प्लास्टिसायझर दोनदा पडतोय. वजनाचं म्हणशील तर तारेची जाडी दर दहा सेंटिमीटरवर व्हर्नियरने मोज, १.७५ मिमीच्या जागी कुठे १.६ कुठे १.८ असेल तर प्रिंटर बिचारा काय करणार.

लॅबमधला:
क्रॉसकारमेलोजला पाणी मिळालं तर ते फुगणार ना, वितळून गोठलेल्या पॉलिमरमध्ये ते चहूबाजूंनी बंद होतं आणि दाबलेल्या गोळीत असतात तशी छिद्रं इथे नसतात. त्यापेक्षा इनफिल (गोळीच्या आतला भराव) कमी ठेव नाहीतर डिझाइनमध्येच आरपार चॅनल दे. २०१५ साली अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेली स्प्रिटॅम ही थ्रीडी प्रिंट केलेली गोळी बघ, ती पावडरच्या थरावर द्रव सोडून बांधलेली असते, दाब नाही की वितळवणं नाही, म्हणून १००० मिलिग्रॅमची गोळी पण घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरते.

औषधनिर्माती:
एक राहिलं, तार ठेवतेस कुठे? पावसाळ्यात व्हीए ६४ हवेतलं पाणी ओढतं, मग नोझलमधून चरचर आवाज येतो आणि गोळीत बुडबुडे.

फार्मावाली:
अगं हो, चरचर आवाज येतोच!! रात्रभर टेबलावर उघडीच पडलेली असते. आज सगळी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा बंद डबा) टाकते आणि एचपीसीची पहिली बॅच उद्या काढून सांगते.