सुधीर पटवर्धन: क्ष-किरणतज्ज्ञ आणि चित्रकार

प्रश्न (रेघोट्या):
सुधीर पटवर्धन यांच्याविषयीचे लेखन बहुधा त्यांच्या वैद्यकीय व्यवसायापासून सुरू होते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली पदवी घेऊन ते मुंबईला आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता चित्रे रंगवत राहिले. शरीराच्या आत पाहण्याची ही सवयच त्यांची मूळ प्रेरणा मानावी का?

उत्तर (जुना ठाणेकर):
हे मत सोयीचे आहे, पण मला पटत नाही. क्ष-किरणांच्या फिल्मवर चेहरा, कपडे, भोवतालची जागा हे सारे गळून जाते. पटवर्धनांच्या चित्रांत नेमके तेच उरते. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) किंवा ‘ट्रेन’ (१९८०) या चित्रांची नावेच पाहा, ती शहरातल्या रोजच्या जागांची आहेत. तरुणपणीचा मार्क्सवादी विचार, सेझान या फ्रेंच चित्रकाराची घडीव रचना आणि फर्नां लेजे या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेली ठोस, कष्टकरी शरीरे हे धागे मला अधिक बळकट वाटतात. व्यवसायाने त्यांना दिले ते माझ्या मते वेगळेच: चित्र विकले जाण्यावर घर अवलंबून राहिले नाही आणि ठाण्यात सर्व थरांतली माणसे रोज समोर येत राहिली.

उत्तर (कॅनव्हास):
वरील म्हणणे मान्य करूनही एक भर घालावीशी वाटते. १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि जोगेन चौधुरी या चित्रकारांबरोबर पटवर्धनही होते. तेव्हा अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना माणसाची आकृती आणि तिची गोष्ट चित्रात परत आणणे हीच भूमिका होती. त्यामुळे प्रेरणा एकट्या माणसाच्या चरित्रात शोधताना समकालीनांचा हा संवाद निसटू नये.

शिवाय पटवर्धनांची नजर एका जागी थांबलेली नाही. दंगलींनंतरचे ‘रायट’ (१९९६) आणि गिरणगाव बदलत असतानाचे ‘लोअर परळ’ (२००१) ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

रेघोट्या:
आभारी आहे. मी ‘ट्रेन’मध्ये आजवर हाडांची रचनाच शोधत होतो, आता डब्यातल्या माणसांकडे पाहीन.