मदत हवी आहे : पोटॅशियमचा अणू इलेक्ट्रॉन का सोडतो, हे नववीच्या मुलांना कसे समजावावे?

तापीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी यावल तालुक्यातील एका गावात राहते. माझे शिक्षण कला शाखेतले आहे. परंतु गावात विज्ञान शिकवणारे दुसरे कोणी नसल्यामुळे गेली दोन वर्षे संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलामुलींचा अभ्यास मीच घेते. आयनिक बंध शिकवताना मुलांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन, हे मुलांना पाठ आहे. सोडियमचे संरूपण २, ८, १ आणि क्लोरिनचे २, ८, ७; एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, दोघांचे अष्टक पूर्ण झाले आणि विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांकडे ओढले गेले, एवढे फळ्यावर दहा मिनिटांत होते. या वेळी मी मिठाऐवजी पोटॅशचे उदाहरण घेतले, कारण आमच्याकडे बहुतेक घरी केळी आहे आणि ठिबकमधून सोडायचे पांढरे पोटॅश जवळजवळ प्रत्येक मुलाने हाताळलेले आहे. ते पोटॅशियम क्लोराइड असते आणि पोटॅशियमचे संरूपण २, ८, ८, १ आहे, म्हणजे गोष्ट सोडियमसारखीच. अडचण तिथेच सुरू झाली.

पहिला प्रश्न एका मुलीचा आहे. पोटॅशियम धातू पाण्यात टाकला की पेट घेतो, म्हणून तो रॉकेलमध्ये ठेवतात, आणि क्लोरिन हा विषारी वायू आहे, असे तिने वाचले होते. तिचे वडील तर पोटॅश टाकीत विरघळवून ते पाणी केळीच्या मुळाशी सोडतात. काही पेटत नाही आणि कोणाचा श्वासही कोंडत नाही. मग त्यातले पोटॅशियम गेले कुठे, आणि जमिनीत गेल्यावर ते पुन्हा सुटे होणार नाही कशावरून, असे ती विचारते. "त्याचा आता आयन झाला आहे," असे मी म्हणाले खरे, पण त्यामुळे तिच्या हाती एक नवे नाव पडले, उत्तर पडले नाही, हे मला बोलतानाच जाणवले.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. अकरावीच्या एका पुस्तकातील तक्ता मी मुलांना दाखवला. पोटॅशियमच्या अणूंतून एकेक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४१९ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते आणि क्लोरिनच्या अणूंनी तो स्वीकारला की ३४९ किलोज्यूल बाहेर पडते. एका मुलाने लगेच वजाबाकी केली आणि म्हणाला, "मॅडम, सत्तर कमी पडतात. व्यवहार तोट्याचा आहे, मग देतो काबर?" तोपर्यंत मी मुलांना सांगत आले होते की, पोटॅशियमला आपला जादाचा इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो. त्या वजाबाकीपुढे माझे हे वाक्य टिकत नाही.

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. इलेक्ट्रॉन काढायला प्रत्येक वेळी ऊर्जा लागत असेल, तर कॅल्शियम एकावरच का थांबत नाही, आणि दोन दिल्यावर मात्र नेमका का थांबतो?

नववीच्या मुलांना समजेल आणि पुढे अकरावीत गेल्यावर खोटे ठरणार नाही, असे स्पष्टीकरण मला हवे आहे. घरच्या साहित्यात करता येईल असा एखादा प्रयोग सुचवल्यास फार उपकार होतील.

निवृत्त शिक्षक, धुळे

ताई, वजाबाकी करणाऱ्या त्या मुलाला आधी शाबासकी द्या, कारण त्याचे म्हणणे बरोबर आहे. पोटॅशियमचा एक सुटा अणू आणि क्लोरिनचा एक सुटा अणू एकमेकांपासून दूर असतील, तर त्यांच्यात ही देवघेव आपण होऊन होणार नाही. पोटॅशियमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन आहेत आणि शेवटचा इलेक्ट्रॉन आतल्या १८ इलेक्ट्रॉनांच्या आडोशाने लांब राहतो. त्यामुळे त्याच्यावरची पकड सैल असते, पण पकड असतेच. "द्यायचा असतो" हा शब्दप्रयोग मीही नोकरीची पहिली काही वर्षे वर्गात केला आहे आणि त्याने मुलांची दिशाभूल होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

तोटा भरून निघतो तो स्फटिकात. आयन तयार झाले की ते जोडी करून थांबत नाहीत. पोटॅशच्या खड्यात प्रत्येक पोटॅशियम आयनाच्या सहा बाजूंना सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा पोटॅशियम आयन असतात, आणि ही रचना सर्व दिशांना पसरत जाते. सुटे आयन असे एकत्र येऊन त्यांचा स्फटिक होतो, तेव्हा मोलमागे सुमारे ७१७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तिला जालक ऊर्जा म्हणतात, आणि शालेय पुस्तकातल्या एक बाण काढलेल्या आकृतीत नेमकी तीच दिसत नाही.

आता हिशेब पूर्ण मांडा. घन पोटॅशियमचे सुटे अणू करायला ८९, क्लोरिनचे रेणू फोडून अणू मिळवायला १२१ आणि इलेक्ट्रॉन काढायला ४१९, असा एकूण खर्च ६२९ किलोज्यूल होतो. क्लोरिनने इलेक्ट्रॉन घेतल्याचे ३४९ आणि स्फटिक झाल्याचे ७१७, अशी जमा १०६६ होते. शिल्लक राहिलेले ४३७ किलोज्यूल उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. आपल्या भागातल्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये, कारण केळीत रोपे, ठिबक आणि खते यांचा खर्च आधी होतो व पैसा कापणीला येतो. केवळ रोपांच्या खर्चावरून नफा-तोटा ठरवला, तर कोणी केळी लावणारच नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. हिशेबातले हे टप्पे प्रत्यक्षात याच क्रमाने एकामागून एक घडतात, असे मुलांना सांगू नका. सुरुवात आणि शेवट यांतील ऊर्जेचा फरक मोजण्याची ती एक रीत आहे.

मग संयुजा इलेक्ट्रॉनांचे काम काय उरले, असे मुले विचारतील, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. अणू कुठे थांबणार, हे ते ठरवतात. पोटॅशियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४१९ किलोज्यूलला निघतो, पण दुसऱ्याला ३०५२ लागतात, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ आहे आणि त्याच्यापुढे आडोसा कमी आहे. कॅल्शियमचे संरूपण २, ८, ८, २ असल्यामुळे तिथे हीच उडी एक पायरी पुढे येते : पहिल्याला ५९०, दुसऱ्याला ११४५ आणि तिसऱ्याला एकदम ४९१२. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि कॅल्शियम कुठे थांबत असेल, हे मुलांनाच विचारा. मी अनेक वर्षे असे करत आलो आहे आणि उत्तर मला एकदाही सांगावे लागलेले नाही.

कॅल्शियम एकावर थांबत नाही, याचे कारणही जालक ऊर्जाच आहे. दोन इलेक्ट्रॉन गेलेला कॅल्शियम आयन आकाराने लहान असतो, त्याचा प्रभार दुप्पट असतो आणि तो क्लोराइड आयनांना फार जोराने ओढतो. कॅल्शियम क्लोराइडचा स्फटिक होताना मोलमागे सुमारे २२५० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. दुसऱ्या इलेक्ट्रॉनावर केलेला ११४५ चा खर्च त्यातून वसूल होतो. तिसऱ्यावरचा ४९१२ चा खर्च क्लोराइडचा कोणताही स्फटिक भरून देऊ शकत नाही.

अष्टकाचा संबंध इथे जोडा. १९१६ साली लुईस आणि कोसेल या दोघांनी, एकाने अमेरिकेत व दुसऱ्याने जर्मनीत, स्वतंत्रपणे असे मांडले की, अशा आयनांची इलेक्ट्रॉनरचना निष्क्रिय वायूंसारखी होते. हे निरीक्षण अचूक आहे आणि आवर्तसारणीच्या डाव्या कडेचे धातू व उजवीकडचे अधातू यांना ते उत्तम लागू पडते. लोहासारख्या मधल्या धातूंना ते लागू पडत नाही. लोह दोन इलेक्ट्रॉन देऊनही आयन होते आणि तीन देऊनही. म्हणून अष्टकाचा नियम शिकवताना तो कोणत्या मूलद्रव्यांसाठी आहे, हे सांगायला विसरू नका.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. पोटॅशियम धातू पाण्यात पेटतो, ती सगळी करामत त्या शेवटच्या एका इलेक्ट्रॉनाची असते. तो पाण्याच्या रेणूंकडे जातो, हायड्रोजन सुटतो आणि निघालेल्या उष्णतेने तो हायड्रोजन जळतो. पोटॅशमधल्या पोटॅशियमजवळ तो इलेक्ट्रॉन उरलेलाच नाही. केंद्रक तेच १९ प्रोटॉनांचे, पण भोवती १८ इलेक्ट्रॉन, म्हणजे आरगॉनसारखी रचना. क्लोरिनचेही तसेच आहे : इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची त्याची ओढ आधीच भागलेली आहे, म्हणून क्लोराइड पाण्यात शांतपणे राहते. राहिला प्रश्न पुन्हा सुटे होण्याचा. पोटॅशियम आयनाला इलेक्ट्रॉन परत द्यायचा, तर बाहेरून मोठा जोर लावावा लागतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली पोटॅशियम पहिल्यांदा वेगळे केले, तेव्हा त्यांना दाहक पोटॅश वितळवून त्यातून मोठ्या बॅटरीचा प्रवाह सोडावा लागला होता. केळीच्या वाफ्यात असे काही घडण्याची शक्यता नाही, असे त्या मुलीला निःशंकपणे सांगा.

प्रयोगासाठी नऊ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी, त्याला जोडायचा रोधक आणि शिसपेन्सिलीची दोन शिसे एवढे पुरे. कोरडे पोटॅश, पावसाचे साठवलेले पाणी आणि त्याच पाण्यात विरघळवलेले पोटॅश, अशा तिन्हींत शिसांची टोके एकमेकांना लागू न देता बुडवून पाहा. प्रवाह काही सेकंदच सोडा आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, कारण धन टोकाशी थोडा क्लोरिन सुटतो.

केळीबाग, रावेर

वरील प्रतिसादात शेतकऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

पोटॅश पाण्यात ढवळताना बादली हाताला गार लागते, हे आम्ही नेहमी अनुभवतो. मोलमागे सुमारे १७ किलोज्यूल उष्णता ते पाण्याकडून घेते. खड्यातले आयन सुटे करायला लागणारी ऊर्जा आणि पाण्याच्या रेणूंनी त्या आयनांना वेढल्यावर परत मिळणारी ऊर्जा यांचा मेळ जवळजवळ बसतो, पण पूर्ण बसत नाही. उरलेली तूट पाण्यातून भरली जाते. मुलांना बादलीत हात घालू द्या, जालक ऊर्जेवर त्यांचा विश्वास बसेल.

गोणीवर लिहिलेल्या ६० टक्क्यांमुळेही मुलांचा गोंधळ होईल. तो आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने देण्याची पद्धत आहे. गोणीत ते ऑक्साइड नसते, पोटॅशियम क्लोराइडच असते, आणि त्यात पोटॅशियम वजनाने सुमारे ५० टक्के भरते. माती-पाणी तपासणीच्या अहवालात जी विद्युतवाहकता, म्हणजे आपण ईसी म्हणतो ती, लिहिलेली असते, ती पाण्यात विरघळलेल्या अशाच आयनांमुळे येते. एखादा जुना अहवाल वर्गात नेऊन दाखवता येईल.

तापीकाठ (धागाकर्ती)

सर आणि दादा, आपल्या दोघांचे मनापासून आभार. कॅल्शियमचे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकावरून उत्तर आले.

प्रयोग काल केला. कोरड्या पोटॅशमध्ये दिवा लागला नाही, पावसाच्या पाण्यातही लागला नाही, आणि पोटॅशच्या पाण्यात स्पष्ट लागला. मुलांनी आग्रह केला म्हणून बोअरचे पाणीही घेतले. त्यात मंद उजेड आला. ठिबकच्या नळ्यांमध्ये जो पांढरा क्षार बसतो, त्यातले कॅल्शियम याच पाण्यातून आयनाच्या रूपात येते, हे त्यामुळे मला आयतेच सांगता आले. कोरड्या खड्यातही आयन आहेतच, मग दिवा का लागत नाही, असे एकाने विचारले. ते जागेवर जखडलेले असतात आणि पाण्यात गेल्यावरच हलू शकतात, असे मी सांगितले. ते बरोबर आहे ना?

आता एकच शंका राहिली आहे. ऋण टोकाशी बुडबुडे दिसले. पोटॅशियम आयन धन प्रभाराचे असल्यामुळे ते तिकडेच जात असणार. तिथे त्यांना इलेक्ट्रॉन मिळून पोटॅशियम धातू तयार होतो आणि लगेच पाण्याशी अभिक्रिया करतो, म्हणून बुडबुडे येतात का? मुलांनी असाच तर्क केला आहे आणि तो मला पटण्यासारखा वाटला.

निवृत्त शिक्षक, धुळे

कोरड्या खड्याबद्दल आपण सांगितले ते बरोबर आहे. पोटॅश वितळवले, तर पाण्याशिवायही त्यातून वीज वाहते. मात्र त्यासाठी सुमारे ७७० अंश सेल्सिअस तापमान लागते, म्हणून ते घरी करण्यासारखे नाही.

बुडबुड्यांविषयीचा तर्क हुशारीचा आहे, पण तसे घडत नाही. पोटॅशियम आयन ऋण टोकाकडे सरकतात हे खरे, परंतु तिथे इलेक्ट्रॉन स्वीकारतो तो पाण्याचा रेणू, कारण पोटॅशियम आयनाला इलेक्ट्रॉन देण्यापेक्षा पाण्याला देण्यास कितीतरी कमी जोर लागतो. त्यातून हायड्रोजन सुटतो, तेच आपले बुडबुडे, आणि पाण्यात हायड्रॉक्साइड आयन उरतात. घरी हळद असेलच. प्रवाह थांबवल्यावर ऋण टोकाजवळच्या पाण्याचा एक थेंब हळदीने रंगवलेल्या कागदावर टाका. तो लालसर झाला, तर तिथे हायड्रॉक्साइड तयार झाल्याची खूण मिळेल. पोटॅशियम आयन मात्र प्रयोगाच्या आधी होते तसेच, १८ इलेक्ट्रॉनांनिशी, पाण्यात राहतात.