छोट्या ऑफिससाठी परवडणारा हार्डवेअर फायरवॉल सुचवा (१२ पीसी, दोन नेट)

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

सांगलीत आमचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे. १२ पीसी, एका टॉवर मशीनवर टॅली आणि सगळ्या क्लायंटचा डेटा, दोन प्रिंटर, एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डब्बा), शिवाय स्टाफचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल वायफायवर, आणि हे सगळं एकाच नेटवर्कमध्ये. मेन लाइन बीएसएनएल फायबर, १०० एमबीपीएस, स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीसकट, बॅकअपला लोकल केबलवाल्याचं नेट. फायरवॉल म्हणावं असं, म्हणजे येणारं-जाणारं ट्रॅफिक गाळणारं, मध्ये काहीच नाही.

आत्ता घाई अशासाठी की परवा त्या टॅलीच्या सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ च्या ओळीच ओळी, म्हणजे फेल झालेले लॉगिन, दर दोन-तीन सेकंदाला एक, नावं काय तर अ‍ॅडमिन, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स, आणि रात्री तीनलाही चालूच. आधीच्या नेटवर्कवाल्याने पार्टनरना घरून टॅली बघता यावी म्हणून ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं) सरळ बाहेर उघडं ठेवलं होतं. ते लगेच बंद केलं, पण आता रिटर्नच्या गडबडीत त्यांना घरून काम करता येत नाहीये. डीव्हीआरचंही तेच, मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून पोर्ट फॉरवर्ड. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन केवढा धुमाकूळ घातला होता, त्यामुळे ते धूड मला टॅलीच्या शेजारी नकोच आहे. लोकांनी विश्वासाने पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आमच्याकडे दिलेत, ते कुणाच्या हाती लागलं तर तोंड कुठे दाखवायचं?

बजेट २५ हजारांपर्यंत. एका व्हेंडरने फोर्टिगेट ४०एफ हा फायरवॉल तीन वर्षांच्या लायसन्ससकट कोट केलाय, बजेटच्या बराच वर. डब्बा चांगलाच आहे, डेटाशीटवर ५ जीबीपीएस लिहिलंय, सगळं स्कॅनिंग चालू केल्यावर ६०० एमबीपीएस, आमच्या लाइनला तेही भरपूर. पण लायसन्स संपलं की वेब फिल्टर आणि आयपीएसचे (हल्ले ओळखून अडवणाऱ्या यंत्रणेचे) अपडेट थांबणार, म्हणजे दर वेळी रिन्यूअल आलंच. शिवाय आज जवळपास सगळं ट्रॅफिक एचटीटीपीएस (एन्क्रिप्टेड), ते उघडून तपासायचं तर प्रत्येक पीसीवर सर्टिफिकेट टाका, बँका आणि सरकारी पोर्टल त्यातून वगळत बसा, हे आमच्याकडे करणार कोण? आणि ते करणार नसू तर एवढे पैसे कशाला, असं माझं प्रामाणिक मत झालंय.

म्हणून मी मायक्रोटिक हेक्स या राउटरकडे झुकलोय, आरबी७५०जीआर३. दहा हजारांच्या आत येतो, रिन्यूअलची भानगड नाही, त्याच्या राउटरओएस ७ या सॉफ्टवेअरमध्ये वायरगार्ड आहे म्हणजे पार्टनर घरून व्हीपीएनने (एन्क्रिप्टेड खासगी मार्गाने) येतील आणि बाहेर फक्त तेवढं एकच पोर्ट उघडं राहील. आमचा स्विच साधा आहे, मॅनेज्ड नाही, पण हेक्सला पाच पोर्ट आहेत, दोन नेटला गेले की तीन उरतात, एकावर स्विच आणि पीसी, एकावर डीव्हीआर, एकावर वायफाय, तिघांना वेगवेगळे सबनेट (स्वतंत्र छोटी नेटवर्क) आणि एकमेकांकडे जायला बंदी. फिशिंगच्या साइट अडवायला डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) क्वाड९ चं, ९.९.९.९. आयपीएस यात नाही हे मान्य.

दुसरा पर्याय इंटेल एन१०० प्रोसेसरचा चार लॅनवाला मिनी पीसी आणि त्यावर ओपीएनसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर, त्यात सुरिकाटा हे आयपीएस चालतं, लॉगही नीट साठतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलेत, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी छोटा नाही. पण फॅन नसलेला तो डब्बा आमच्याकडच्या मे महिन्यात बंद कपाटात टिकेल का, आणि बिघडला तर त्या दिवशी काय करायचं?

कुणी अशाच ऑफिसात हेक्स वापरत असेल तर सांगा, १०० च्या लाइनवर वायरगार्डवरून तीन-चार जणांची रिमोट डेस्कटॉप अडकते का? लॉग बाहेर सिसलॉगला (लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरला) पाठवायला साधा जुना पीसी पुरतो का? आणि मुख्य म्हणजे केबलवाल्याचं नेट सीजीनॅटमागे आहे (म्हणजे आम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी नाही), बीएसएनएल पडलं की त्या लाइनवरून व्हीपीएन बाहेरून जोडताच येणार नाही, त्याला भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर मध्ये घालणं हाच उपाय की काही सोपं आहे? ऑर्डर या आठवड्यात द्यायची आहे.